दिवाळीनंतर गिनी फाउल घराकडे फिरकत नाहीत? बिघाड असा शोधा

गिनी फाउल, म्हणजे कोंबडीसारखं पाळलं जाणारं पाखरू, पाळणाऱ्यांची ही तक्रार दर वर्षी येते आणि दिवाळीच्या आगेमागेच येते. पावसाळाभर वस्तीच्या भोवती चरणारा, दिवस मावळायला आपणहून खुराड्यात शिरणारा कळप लांब जायला लागतो. आधी दोन बांध ओलांडतो, मग ओढा, आणि एखाद्या संध्याकाळी निम्मीच पाखरं परत येतात. बाकीची कुणाच्या तरी बाभळीवर रात्र काढतात. आठवडाभर असं चाललं की मोजणीत एक-दोन कमी भरतात.

खाली लिहिलंय ते उत्तर सोलापूर तालुका, मोहोळ, बार्शी या बाजूच्या वस्त्या डोळ्यापुढे ठेवून. थोडी ज्वारी, थोडा हरभरा, पलीकडे कुणाचा ऊस किंवा द्राक्षबाग, आणि मध्ये मोकळा माळ. कोकणात किंवा घाटमाथ्यावर हेच गणित तसंच्या तसं लागू होणार नाही.

हिवाळ्यातच का?

पहिल्यांदा थंडीचा विषय मिटवू. बर्फ पडणाऱ्या देशांतले लोक हिवाळ्यात गिनी कसे सांभाळावेत यावर भरपूर सांगतात: खुराडं उबदार करा, भिंतींना अस्तर लावा, पाणी गोठू देऊ नका. ते त्यांच्या जागी बरोबर आहे. आपल्याकडे रात्रीचा पारा १२ ते १५ अंशांवर असतो, थंडीची लाट आली तर १० च्या आसपास उतरतो. पूर्ण पिसं आलेल्या गिनीला एवढी थंडी काहीच नाही. मूळचा आफ्रिकेतला पक्षी असला तरी कोरडी थंडी त्याला सोसते; बाधतो तो ओलावा आणि अंगावर येणारा वारा.

आपली अडचण रात्रीची नाही, दिवसाची आहे. एप्रिल-मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो तेव्हा हीच पाखरं सकाळी दहापासून चारपर्यंत चिंचेखाली चोच उघडी टाकून बसलेली असतात. डिसेंबरात दुपारी ३० अंश, कोवळं ऊन, पायाखाली कोरडी जमीन. दिवसभर चालायला याहून चांगला ऋतू कोणता?

दुसरं कारण त्यांच्या अंगातलंच आहे. गिनीची अंडी घालायची वेळ साधारण मार्च ते सप्टेंबर. त्या काळात नर-मादी जोडीने राहतात, मादी घरट्याच्या जागेला बांधलेली असते, त्यामुळे भटकंती आपोआप आटोक्यात राहते. अंडी थांबली की जोड्या मोडतात आणि सगळे मिळून एक कळप होतो. कळपाला घरटं नसतं, त्याला फक्त पुढचा पक्षी असतो. तो जिकडे चालेल तिकडे बाकीचे.

तिसरं, शेत. खरीप निघालेला असतो, सोयाबीन-उडदाच्या रानात सांडलेला दाणा पडलेला असतो, हरभरा नुकता उगवलेला असतो, पुढे ज्वारी हुरड्याला येते. तुमच्या ओंजळभर दाण्यापेक्षा बाहेरचं ताट मोठं असतं.

आणि चौथं, जे बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, ते म्हणजे घड्याळ. जूनमध्ये सोलापुरात दिवस सुमारे १३ तासांचा, सूर्य मावळतो सातच्या सुमाराला. नोव्हेंबरच्या अखेरीस तो सहाच्या आतच बुडतो, आणि दिवस ११ तासांवर येतो. आपलं धारा काढणं, वैरण टाकणं, कोंबड्या डालणं (खुराड्यात कोंडणं) मात्र साडेसहा-सातलाच असतं, कारण घरातलं रहाटगाडगं घड्याळावर चालतं. पाखरं उजेडावर चालतात. तुम्ही दाण्याचा डबा घेऊन बाहेर येता तोवर त्यांची रात्र झालेली असते आणि ती जिथे असतील तिथल्या झाडावर चढलेली असतात. माझ्या पाहण्यात अर्ध्याअधिक वस्त्यांवर एवढी एकच चूक असते, आणि तास-सव्वा तास आधी हाक मारायला लागल्यावर प्रश्न सुटतो. म्हणून पुढचं काहीही करायच्या आधी चार-पाच दिवस फक्त ही वेळ बदलून बघा.

एक संध्याकाळ नुसतं बघत बसा

त्याने भागलं नाही, तर बिघाड नेमका कुठे आहे ते शोधायला लागेल. साडेचार वाजता खुराड्यापासून थोडं लांब, पण सगळं दिसेल असं बसा. हाक मारू नका, हाकलू नका. कळप अंगणापर्यंत येतोच का? येऊन दारापाशी घुटमळतो आणि मग झाडावर जातो का? की आत जाऊन पुन्हा बाहेर पडतो? या तिन्हींची कारणं वेगवेगळी आहेत. लोक गल्लत करतात ती इथे: खुराड्यात दोष असताना दाणा वाढवतात, आणि दाण्याची वेळ चुकलेली असताना नवीन खुराडं बांधायला गवंडी बोलावतात.

अंगणात येतात, पण आत जात नाहीत

हा दोष खुराड्याचा, आणि यावर जरा वेळ घालवणं भाग आहे. आत जाऊन पुन्हा बाहेर पडत असतील तरी खुराडंच तपासायचं.

गिनीला अंधारात नीट दिसत नाही आणि अंधाऱ्या जागेत शिरायला ती घाबरते. गावरान कोंबडी सवयीने काळोख्या भोकातही घुसते. गिनी दारात थांबते, मान लांब करून आत बघते आणि मागे फिरते. मग झाडाची फांदी तिला जास्त बरी वाटते, कारण तिथे अजून आकाशाचा उजेड असतो. म्हणून खुराड्याच्या आत दिवा हवा आणि तो बाहेर अंधार पडायच्या आधी लागायला हवा. मोठा नको, पाच-सात वॉटचा पिवळसर बल्ब पुरतो. सगळी आडव्या दांडीवर चढली, दार लागलं, की थोड्या वेळाने बंद करायचा. सगळी जमिनीवर असतानाच दिवा घालवला तर ती रात्रभर कोपऱ्यात एकमेकांवर चढून बसतात.

विजेचा भरवसा नसेल तर छोटा सौर दिवा किंवा बॅटरीचा दिवा ठेवा. शेतीपंपाच्या लाईनवर जोडलेला बल्ब कामाचा नाही, कारण ती लाईन कधी दिवसा, कधी रात्री. गिनीला आज दिवा आहे, उद्या नाही, हे चालत नाही.

आता उलट बाजू बघा. अंगणात खांबावर मोठा एलईडी आहे का? अलीकडे बऱ्याच वस्त्यांवर अंधार पडला की आपोआप पेटणारे सौर दिवे आलेत. बाहेर लख्ख आणि आत मिणमिणतं असेल तर पाखरं बाहेरच थांबणार, बहुतेक त्याच खांबाशेजारच्या लिंबावर. तो दिवा कोंबड्या डालेपर्यंत झाकून ठेवा किंवा त्याचं तोंड दुसरीकडे वळवा. याला एक पैसा लागत नाही.

दार. कोंबडीसाठी ठेवलेलं वीतभर-दीड वीत भोक गिनीला पसंत नाही. ती घोळक्याने आत जाते, एकेक करून नाही. अरुंद दारापाशी पहिल्या दोघी अडतात, मागच्या बिथरतात, बाजूने पळतात, आणि पुढच्याही त्यांच्यामागे. दार निदान तीन फूट रुंद आणि माणूस वाकून जाईल एवढं उंच ठेवा. दाराच्या दोन्ही बाजूंनी जुन्या जाळीचे पाच-सहा फुटांचे पंख तिरके लावले तर हाकताना पाखरं बाजूला निसटत नाहीत.

आतली दांडी उंच हवी, चार फुटांच्या वर. खाली बसवलंत तर ती उंची शोधत बाहेर जाणारच. दांडी बांबूची किंवा बाभळीच्या सरळ फांदीची चालते. लोखंडी पाइप हिवाळ्यात गार पडतो, तो टाळा. जागा प्रत्येकी निदान दोन-तीन चौरस फूट, आणि काही आठवडे कोंडून ठेवायची असतील तर चारच्या पुढे.

पाखरं पूर्वी जात होती आणि आता जात नाहीत, अंगावरून अशक्तही दिसतात, तर गोचिडी बघा. सोलापूरसारख्या कोरड्या हवेत कोंबड्यांच्या गोचिडी भिंतीच्या भेगांत, दांडीच्या टोकाशी, पत्र्याच्या घडीत महिनोन् महिने दडून राहतात आणि फक्त रात्री रक्त प्यायला बाहेर येतात. दिवसा खुराडं तपासलं तर काही सापडत नाही आणि माणूस म्हणतो, स्वच्छ तर आहे! रात्री नऊ-दहाला बॅटरी घेऊन जा, दांडीची टोकं आणि भिंतीच्या फटी बघा. चपट्या, करड्या-तपकिरी गोचिडी दिसल्या की उत्तर मिळालं. फटी लिंपून चुना द्यायचा, दांड्या काढून उन्हात तापवायच्या किंवा बदलायच्या, आणि फवारणीचं औषध व त्याचं प्रमाण जनावरांच्या दवाखान्यात विचारूनच वापरायचं. कपाशीचं उरलेलं औषध खुराड्यात मारणारे महाभाग मी पाहिलेत. पाखरं गोचिडीने मरायची ती औषधाने मेली.

आत साप किंवा मुंगूस एकदा शिरून गेलं असेल तरी पाखरं काही दिवस दाराशी अडतात. उंदराची बिळं, पत्र्याखालची फट, जाळीचं सुटलेलं टोक शोधा. जाळी मोठ्या भोकांची असेल तर खालच्या दोन फुटांना बारीक भोकांची जाळी आतून ठोका.

आणि थंडी म्हणून चारी बाजूंनी प्लास्टिकचा कागद गुंडाळू नका. रात्रभरात आतली हवा कोंदते, विष्ठेचा उग्र वास डोळ्यांना झोंबतो, कागदावरून पाणी ठिबकतं. असल्या खुराड्यात मीही गेलो नसतो. उत्तर-पूर्वेकडून वारा येतो त्या बाजूला बारदान लावा आणि वरची हातभर जागा मोकळी ठेवा. अपवाद उशिराच्या पिलांचा. सप्टेंबर-ऑक्टोबरात फुटलेली पिलं पिसं भरेपर्यंत ऊब आणि कोरड्या जागेवरच ठेवायची. त्यांना कळपाबरोबर बाहेर सोडायचा प्रश्नच नाही.

अंगणापर्यंत येतच नाहीत

म्हणजे त्यांचं पोट बाहेरच भरतंय, किंवा त्यांना घरी यायचं कारण तुम्ही दिलेलं नाही.

बरेच जण सकाळी खुराडं उघडतानाच घमेलंभर दाणा टाकतात. पोटभर खाऊन निघालेलं पाखरू संध्याकाळी कशाला घाई करेल? हे उलटं करा. सकाळी स्वच्छ पाणी आणि नावाला मूठभर दाणा, मुख्य खाणं संध्याकाळी आणि तेही खुराड्याच्या आतच. एक मोठा गिनी दिवसाला साधारण १०० ग्रॅम खातो. त्यातला मोठा वाटा संध्याकाळसाठी राखून ठेवा. अंगणात टाकलात तर ती अंगणातच खाऊन झाडावर जातील.

काय द्यायचं? ज्वारी त्यांना बाहेर मिळते, तिचं कौतुक नाही. बाहेर न मिळणारं द्या. बाजरी आणि राळं यांच्यावर गिनी जीव टाकतात. हिवाळा पुढे सरकतो तसे किडे कमी होतात, नाकतोडे दिसेनासे होतात, आणि कळप लांब जातो तो पुष्कळदा दाण्यासाठी नाही, किड्यांसाठी. ती भूक घरी भागवायची तर भरड्यात थोडी शेंगदाण्याची पेंड मिसळा, बुरशी आलेली नसावी, किंवा तयार कोंबडीखाद्य द्या. वाळवी तर घरबसल्या मिळते: जुन्या मडक्यात ओलसर शेण आणि कडब्याचे तुकडे भरून ते वारुळाजवळ पालथं घालायचं, वरून ओलं पोतं. एक-दोन दिवसांत आत वाळवी भरते. मडकं खुराड्यात नेऊन उलटं केलं की बघा कशी पळत येतात. रोज नको, दोन दिवसांआड. म्हणजे आज असेल का, या आशेने येतात.

आवाज एकच ठेवा. पत्र्याच्या डब्यात दाणे वाजवा, शिट्टी मारा, काहीही, पण तो आवाज फक्त संध्याकाळच्या खाण्याचा. घरातल्या पोरांनी दिवसा गंमत म्हणून डबा वाजवला तर महिन्याची सवय दोन दिवसांत मोडते.

सोडायची वेळही उशिरा करा. हिवाळ्यात सकाळी सातला दार उघडलं तर त्यांच्या हातात दहा-अकरा तास असतात. दहाला उघडलं, पाचला हाक मारली तर सात. दव वाळलेलं असतं, कोल्हा-खोकड आडोशाला गेलेलं असतं आणि कळप लांबचा पल्ला गाठत नाही. फारच भटकी सवय लागली असेल तर पंधरा दिवस फक्त दुपारी तीनला सोडा. तेवढ्या वेळात ती अंगणाभोवती दोन फेऱ्या मारतात आणि भुकेने परत येतात.

काही येतात, काही नाही

कळपात एक-दोन पुढारी असतात. त्यांच्यातला एखादा रानावर चटावलेला असला की बाकीचे बिचारे ओढले जातात. दोन-तीन दिवस बघितलं की ओळखू येतो. त्याला पंधरा दिवस वेगळा, पण बाकीच्यांच्या नजरेसमोर जाळीत ठेवा. बाकीचा कळप त्याच्या आवाजाला धरून जवळच राहतो का बघा. राहिला, तर दोष त्याचाच. सुधारला नाही तर विकून टाका, किंवा रविवारी पाहुणे बोलवा. यात मी भावनेला फारशी जागा ठेवत नाही. एका पाखरामागे दहा घालवायची नाहीत.

उलट एकटं पडलेलं पाखरूही पळतं. गिनीला सोबत लागते. दोन-तीनच उरले असतील तर ती ओरडत सोबत शोधत जातात, आणि दुसऱ्या वस्तीवर गिनी असतील तर तिथेच राहतात. पाच-सहाच्या खाली कळप जाऊ देऊ नये.

आठवडी बाजारातून आणलेली मोठी पाखरं हा वेगळाच ताप. मोठा गिनी आणला आणि आठ दिवसांत सोडला, की तो गेला म्हणूनच समजा. त्याला तुमचं अंगण हे घर वाटायला किमान चार ते सहा आठवडे बंद ठेवावं लागतं, आणि तेही अशा खुराड्यात की जिथून बाहेरचं अंगण, झाड, गोठा सगळं दिसतं. सोडताना सगळी एकदम नाहीत. आधी एक-दोन, संध्याकाळच्या खाण्याच्या तासभर आधी. आतली ओरडत राहतात, बाहेरची लांब जात नाहीत. चार दिवसांनी आणखी दोन. पुढारी नर सगळ्यात शेवटी.

एका दिवसात सगळीच गेली

हे भीतीमुळे. दिवाळीचे फटाके, लग्नाचा डीजे, शेजारच्या उसात शिरलेली तोडीची टोळी आणि तिच्याबरोबरची कुत्री, मेंढरांचा वाडा बसला की त्यांची कुत्री. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या जत्रेतलं शोभेचं दारूकाम शहरालगतच्या वस्त्यांपर्यंत ऐकू येतं. असं काही होणार हे आधी माहीत असतं. त्या दिवशी पाखरं सोडूच नका. दुपारीच डाला आणि आतला दिवा रात्री उशिरापर्यंत चालू ठेवा.

ऊसतोडीचं जरा जास्त मनावर घ्या. फड मोकळा झाला की त्यात लपलेली रानमांजरं, कोल्हे, मुंगसं आसरा शोधत बाहेर पडतात आणि वस्तीकडे येतात. शेजारचा ऊस तुटायला लागला की आठवडाभर कळप आवरून धरा. झाडावर बसलेली पाखरं रानमांजराच्या आणि मोठ्या घुबडाच्या तावडीत अलगद सापडतात, कारण अंधारात त्यांना पळता येत नाही. पांढऱ्या रंगाची तर चांदण्यात लांबून दिसतात. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेच्या कादंबरी, चितांबरी, श्वेतांबरी या जातींत मोकळ्या माळासाठी मी ठिपक्यांची कादंबरीच घेईन.

चोरट्या जनावरांसाठी फास लावू नका, विष ठेवू नका. नान्नजचं माळढोक अभयारण्य जवळ आहे, माळावर लांडगा आणि खोकड फिरतात, आणि हे सगळे प्राणी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या छत्राखाली आहेत. तुमची जाळी घट्ट करा, तेवढं पुरतं.

झाडावरून उतरवायचं कसं?

दिवसाउजेडी मागे लागू नका. उडून आणखी वर जातात. अंधार पूर्ण पडू द्या. दोघे जण, एक बॅटरीवाला, एक शिडीवाला. उजेड पाखराच्या डोळ्यांवर धरला की ते हलत नाही. दोन्ही हातांनी पंखांसकट अंग धरून उचला. पाय धरून ओढू नका, गिनीचे पाय नाजूक असतात, सांध्यातून निखळतात. बाभळीचे काटे आणि आसपासची विहीर, दोन्हीचा आधी अंदाज घ्या. आपल्याकडे कठडा नसलेल्या विहिरी कमी नाहीत, आणि पाखरापायी रात्री विहिरीत पडलेला माणूस ही काही सांगायला चांगली गोष्ट नाही. फांदी फारच उंच असेल तर सोडून द्या. पहाटे उजाडायच्या आधी खाली दाणा घेऊन उभे राहा.

एकदा उतरवली की त्याच रात्री खुराड्यात आणि पुढचे दोन-तीन आठवडे बंद. एक रात्र डालून दुसऱ्या दिवशी सोडलं तर सगळी मेहनत पाण्यात. ती पुन्हा त्याच फांदीवर जातात. बंद असताना रोज ठरल्या वेळी डबा, दिवा, बाजरी. दरम्यान त्या झाडाच्या खालच्या फांद्या छाटून टाका.

पंख कापावेत का? मोकळं चरणाऱ्या कळपाचे नाही. एका बाजूची लांब पिसं कापली की पाखरू उडत नाही हे खरं, पण कुत्रं मागे लागलं तर उडणं हाच त्याचा एकमेव बचाव असतो. उंच जाळीच्या बंद आवारात ठेवणार असाल तरच कापा, आणि तेही पावसाळ्याअखेरची पीसगळ संपून नवीन पिसं पूर्ण वाढल्यावर. वाढत्या पिसाच्या देठात रक्त असतं, ते कापलं तर थांबता थांबत नाही.

संध्याकाळी हाकायची वेळ आलीच तर काठीने धमकावू नका. दोघांनी लांब काठ्या आडव्या धरून सावकाश चालायचं. कळप चालत असेपर्यंत तुमच्या ताब्यात आहे. धावायला लागला की उडतो, आणि मग उद्यावर.

शेजाऱ्याचं रान आणि विषारी दाणा

"अण्णा, तुमची ती ओरडणारी पाखरं परत माझ्या हरभऱ्यात!" हा निरोप एकदा तरी येतोच. उगवता हरभरा आणि आडवी पडलेली ज्वारी यांची नासाडी खरी असते, तेव्हा वाद घालू नका. जिथे आपलं रान शेजाऱ्याला लागतं त्या बांधाला पेरणीनंतर तीन-चार आठवडे जुनी मासेमारीची किंवा शेडनेटची जाळी उभी केली तर चालत जाणारा कळप वळतो. उडता येत असूनही गिनी शक्यतो चालतच जाते.

पण नासाडीपेक्षा मोठी भीती पाखरांचीच आहे. याच दिवसांत शेतात उंदरांसाठी झिंक फॉस्फाईडचं आमिष ठेवलं जातं, हरभऱ्यावर घाटे अळीची फवारणी होते, आणि ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत औषधांचे पंप चालू असतात. दोन्ही बाजूच्या शेतकऱ्यांना आधीच सांगून ठेवा की फवारा मारायच्या किंवा आमिष ठेवायच्या दिवशी एक फोन करा, मी पाखरं सोडत नाही. फोन आला की तीन-चार दिवस बंद.

तलावाचाही विचार करा. उजनी, हिप्परगा आणि लहानमोठ्या पाझर तलावांवर हिवाळ्यात बाहेरची पाणपाखरं उतरतात. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांत बर्ड फ्लू सापडला होता, तेव्हापासून मी तलावाच्या काठावर कळप जाऊ देत नाही. घराजवळ पाण्याची दोन भांडी सावलीत भरून ठेवली तर पाण्यासाठी लांब जायचं कारणही राहत नाही. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस गिनीलाही द्यायची. गिनी काटक असते म्हणून लोक टाळतात.

पुढच्या वर्षासाठी

दर हिवाळ्यात हीच कसरत नको असेल तर पुढची पिलं गावरान कोंबडीखाली काढा. गिनी मादी अंडी लपवते, उबवायला बसली तरी पिलांना ओल्या गवतातून फिरवते आणि निम्मी गमावते. खुडूक (उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली जून-जुलैत बारा-पंधरा अंडी ठेवा. कोंबडीची अंडी २१ दिवसांत फुटतात, गिनीची २६ ते २८, तेव्हा पक्की बसलेली कोंबडी निवडा आणि तिच्यासमोर पाणी-दाणा ठेवा, नाहीतर शेवटच्या आठवड्यात उठते. अशी पिलं आईमागे खुराड्यात जायला शिकतात, दिवाळीपर्यंत कळपात मिसळतात, आणि संध्याकाळी कोंबड्या आत गेल्या की त्यांच्यामागे शिरतात. जुन्या भटक्यांपैकी बरेच त्यांना बघून येतात. मार्च लागला की गिनीचे नर कोंबड्यांना मारायला लागतात, तेव्हा खाण्याची भांडी दोन ठिकाणी करा आणि दांड्याही वेगळ्या.